एक्सनं भागायचं नाही

विशाखा हिवराळे माझ्याकडं बीजगणित शिकायला आली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर माझी क्लासची खोली आहे. जून महिना होता, दुपारचे साडेचार वाजले असतील. कंपनीच्या ड्रेसवरच ती जिना चढून आली, दारात चपला काढल्या आणि म्हणाली, "सर, तो फॉर्म तुम्हीच आणला होता आमच्या घरी. आता शिकवायचं बी तुम्हीच."

मी तिला ओळखलं नव्हतं. फॉर्म म्हटल्यावर मात्र ओळखलं. तसले सतरा फॉर्म मी माझ्या हातानं घरोघरी नेऊन दिले होते.

मी काकासाहेब वाघचौरे. चौतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची वीस याच शहरातल्या एका खाजगी शाळेत. शाळेचं नाव सांगत नाही. त्या वेळी दहावीला गणिताऐवजी 'सामान्य गणित' घेता यायचं. त्यात बीजगणित जवळपास नव्हतंच. हिशेब, व्याज, क्षेत्रफळ असलं सोपं सोपं. ज्या पोरांना गणित अजिबात झेपत नाही त्यांची दहावी सुटावी, म्हणून ती सोय होती. आमच्या मुख्याध्यापकांनी त्या सोयीचं वेगळंच काही केलं. नववीची सहामाही झाली की ते यादी काढायचे. "काठावरचे सगळे सामान्य गणितात घाला. मला निकाल शंभर टक्के पाहिजे." निकाल लागला की शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागायचा.

त्या वर्षी यादीत सतरा नावं होती. विशाखाला पन्नासपैकी एकोणीस मार्क होते, म्हणजे ती पास होती. तिच्याएवढेच किंवा तिच्याहून कमी मार्क असलेली आणखी नऊ पोरं वर्गात होती आणि त्यांची नावं यादीत नव्हती. कुणाचा बाप वकील, कुणाचा नगरसेवकाचा भाऊ. जाब विचारायला शाळेत येतील अशी माणसं. सतरापैकी चौदा पोरं एकाच वस्तीतली, बौद्धांची. मला हे दिसत होतं. मी यादी हातात घेऊन दोनदा वाचली होती. तरी मी फॉर्म वाटले.

विशाखाचे वडील फकिरा हिवराळे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर मोत्यासारखं. फॉर्म वाचून ते म्हणाले, "सर, यानं पोरीचं पुढं काय अडत नाय ना?"

"काही नाही अडत," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. सहीसुद्धा पाटीवरच्या अक्षरासारखी, झोकदार. विशाखाच्या आईनं, सरूबाईंनी, मला चहा दिला. मी तो प्यालो.

दहावीला विशाखाला एकाहत्तर टक्के मिळाले. तिला मशीनच्या कामाचा नाद होता. तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचा, हे तिनं सातवीतच ठरवलं होतं. ती फॉर्म भरायला गेली. खिडकीवरच्या माणसानं गुणपत्रिका बघितली आणि परत सरकवली. "सामान्य गणित आहे. चालत नाही." ती म्हणाली, एकाहत्तर टक्के आहेत. तो म्हणाला, "नव्वद असले तरी चालत नाही. पुढचा."

दुसऱ्या दिवशी फकिरा शाळेत आले. मी स्टाफरूममध्ये होतो आणि दार उघडं होतं, त्यामुळं सगळं ऐकलं. मुख्याध्यापकांनी कपाटातून तो फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "ही सही कुणाची?"

"माझीच हाय."

"मग? आम्ही काय जबरदस्ती केली का? सही करताना डोळे नव्हते?"

फकिरा दोन मिनिटं तिथं उभे राहिले. मग निघून गेले. मी स्टाफरूममधून उठलो नाही. दहावीच्या वह्या तपासत होतो. खरं तर एकाच वहीच्या एकाच पानाकडं बघत बसलो होतो.

त्यानंतर विशाखानं आर्ट्स घेतलं, कारण दुसरं काही घेता येत नव्हतं. चिकलठाण्याच्या एका कंपनीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासायच्या कामाला लागली आणि पाळ्या सांभाळत सांभाळत बी.ए. केलं. सात वर्षं झाकणं तपासली. तिच्या डोळ्यांदेखत डिप्लोमावाली पोरं यायची, तिच्याकडून काम शिकायची आणि सहा महिन्यांत तिची साहेब व्हायची.

आता एका निमसरकारी मंडळात मोजणी सहायकाच्या चाळीस जागा निघाल्या होत्या. पदवी कोणतीही चालणार होती, पण पेपरात दहावीच्या पातळीचं गणित मोठं होतं. त्यातलं अर्धं बीजगणित.

"किती दिवस आहेत?" मी विचारलं.

"सहा महिने."

"होईल."

"होईल का नाय ते मी बघते, सर. तुम्ही फक्त शिकवा. आणि ह्या वेळेला पूर्ण शिकवा."

आठवड्यातून चार दिवस ती यायची. पहिली पाळी संपली की थेट. सुरुवातीचे दोन महिने पाया पक्का करण्यात गेले. मग वर्गसमीकरणं आली. मी फळ्यावर लिहिलं: x² − 7x + 12 = 0.

"असे दोन आकडे सांग, ज्यांचा गुणाकार बारा आणि बेरीज सात."

"तीन आणि चार."

"मग हे दोन कंसांत फोडता येतं. एक्स वजा तीन, गुणिले एक्स वजा चार. गुणाकार शून्य. दोन गोष्टींचा गुणाकार शून्य कधी येतो?"

"दोघीतली एक तरी शून्य असंल तवा."

"म्हणून एक्स एक तर तीन, नाही तर चार. झालं."

ती फळ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो तर तिनं हात वर केला.

"एवढंच?"

"हो. एवढंच."

"एवढंच होतं, सर?" तिचा आवाज चढला. "ह्याच्यासाठी मला बाहेर काढलं? तीन चोक बारा आन् तीन अन् चार सात? मला वाटायचं, कायतरी लई मोठं आसंल. मला झेपलंच नसतं, असं मी बारा वर्षं स्वतःलाच समजावत आले. माझी अक्कल कमी म्हणून सोडून दिलं होतं मी!" तिनं वही मिटली. खडूचा डबा माझ्या टेबलावर होता, तो तिनं उचलून आपटला. खडू जिन्यापर्यंत गेले. खालचा दुकानदार ओरडला, "ओ सर, क्या हुआ?"

मी उठलो. खडू गोळा करू लागलो. ती मदतीला वाकली नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा साडेचारला हजर. बोलली काहीच नाही, पण वीस गणितं सोडवून आणली होती. वीसच्या वीस बरोबर.

त्याच आठवड्यात तिनं माझी चूक पकडली. मी फळ्यावर x² = 5x लिहिलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं म्हणालो, "दोन्हीकडं एक्स आहे, एकेक कापून टाक. एक्स बरोबर पाच."

"आन् एक्स शून्य असला तर?"

"काय?"

"शून्याचा वर्ग शून्य. पाच गुणिले शून्य, शून्य. म्हणजे शून्य बी उत्तर हाय. तुम्ही कापलं, म्हणून ते गेलं."

ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. शून्यानं भागता येत नाही हे मी आयुष्यभर शिकवलं, पण एक्स स्वतःच शून्य असू शकतो हे घाईत विसरत आलो. अवयव पाडायचे सोडून मी कंटाळ्यापोटी एक्स कापून टाकत होतो. किती वर्गांना तसं शिकवलं असेल, कोण जाणे.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, त्याच ओघात बोलून गेलो, "विशाखा, त्या फॉर्मचंही माझं चुकलं. तुझे वडील शाळेत आले तेव्हा मी बाहेर यायला पाहिजे होतं. मला माफ कर."

तिनं पेन खाली ठेवलं. "माफी मागू नका, सर. मी माफ केलं म्हणलं तर तुम्हाला बरं वाटंल. मला काय मिळंल? माझं एक वर्ष तरी परत येईल का? तुम्हाला समदं कळत होतं. ज्याला कळत नाय त्याला माफ करता येतं." वहीचं नवं पान उघडून म्हणाली, "असमानता कधी घ्यायची?"

असमानता आम्ही दुसऱ्या दिवसापासूनच घेतली. असमानता म्हणजे 'बरोबर'च्या जागी 'पेक्षा मोठं' किंवा 'पेक्षा लहान'. तिथली एक मेख तिला मी दहा वेळा घोटून दिली: दोन्ही बाजूंना ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटं होतं. तीन हे दोनपेक्षा मोठं, पण वजा तीन हे वजा दोनपेक्षा लहान. म्हणून एक्स धन आहे की ऋण हे माहीत नसताना एक्सनं भागायचंच नाही. सगळं एका बाजूला आणायचं, अवयव पाडायचे आणि संख्यारेषेच्या प्रत्येक तुकड्यातला एकेक आकडा घालून बघायचा. हे तिला फार आवडलं. "आकडा घालून बघायचा. म्हणजे कुणावर भरवसा ठेवायलाच नको," ती म्हणाली.

डिसेंबरात परीक्षा झाली. ती बाहेर आली आणि तिनं मला फोन केला. "बरा गेला," एवढंच म्हणाली. तीन आठवड्यांनी मंडळानं संकेतस्थळावर उत्तरतालिका टाकली, म्हणजे कोणत्या प्रश्नाचं कोणतं उत्तर बरोबर त्याची यादी. त्या संध्याकाळी ती क्लासला आली ती छापील कागद घेऊनच. एका प्रश्नाभोवती तिनं लाल गोल केला होता. कागद फाटेल इतका दाबून.

प्रश्न असा होता: x² > 4x असेल तर x ची किंमत काय? चार पर्याय. पहिला, एक्स चारपेक्षा मोठा. तिसरा, एक्स शून्यापेक्षा लहान किंवा चारपेक्षा मोठा. विशाखानं तिसरा लिहिला होता. मंडळ म्हणत होतं, पहिला बरोबर.

"भागलंय त्यांनी," ती म्हणाली. "एक्सनं भागलंय, सर."

मी पाहिलं. तसंच होतं. वजा एक घालून बघा: वजा एकचा वर्ग एक. चार गुणिले वजा एक, वजा चार. एक हे वजा चारपेक्षा मोठं आहे की नाही? आहे. म्हणजे वजा एक हे उत्तरात बसतं, आणि पहिल्या पर्यायात ते नाही. पाचवीच्या पोरालाही पटेल.

तिनं रीतसर आक्षेप नोंदवला. सोबत मी एक पान लिहून दिलं, गणिताचा निवृत्त शिक्षक म्हणून खाली नाव, पत्ता, सही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'आक्षेप अमान्य. तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार उत्तर कायम.' आणि निकाल लागला. चाळिसाव्या माणसाला एकशे अठ्ठावीस गुण. विशाखाला एकशे सत्तावीस.

आम्ही मंडळाच्या कार्यालयात गेलो. परीक्षा विभागाच्या साहेबांनी तासाभरानं आत घेतलं. विशाखानं त्यांना त्यांचाच मोबाइल काढायला लावला. "वजा एकचा वर्ग करा, साहेब." त्यांनी केला. "आता वजा एकला चारनं गुणा." त्यांनी गुणलं. "आता सांगा, मोठं कोणतं?"

साहेबांनी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, "हे बघा ताई, बावीस हजार पोरं बसली होती. ह्या प्रश्नावर तक्रार तुमची एकटीची आहे."

"गणिताला मतदान लागत नाय."

"तज्ज्ञ समितीनं ठरवलंय. समितीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? तुमचं शिक्षण काय?" त्यांनी समोरचा कागद चाळला. "बी.ए. दहावीला सामान्य गणित." ते हसले. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात.

मी आजवर विशाखाला रागावलेलं पुष्कळदा बघितलं होतं. त्या दिवशी ती रागावली नाही, पांढरी पडली. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "समितीत कोण होतं, साहेब?"

"ते गोपनीय असतं."

"अहवाल?"

"तोही."

बाहेर आल्यावर पायरीवर बसूनच तिनं माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. तज्ज्ञ समितीच्या अहवालाची प्रत मिळावी. महिना उलटल्यावर उत्तर आलं. मी ते पत्र अजून तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो: 'सदर प्रश्नाबाबत तज्ज्ञ समितीचा अहवाल अभिलेखावर आढळून येत नाही.'

समिती नव्हतीच. कुणी बघितलंच नव्हतं. बावीस हजार पोरांचा पेपर, आणि आक्षेपाच्या कागदावर कुणी तरी न वाचता 'अमान्य' मारलं होतं.

ते पत्र जोडून तिनं मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांना लिहिलं. आता मात्र हालचाल झाली. आठ दिवसांत नवं परिपत्रक निघालं: तो प्रश्न रद्द करण्यात येत आहे आणि सर्व उमेदवारांना त्याचा एक गुण देण्यात येत आहे.

मला वाटलं, जिंकलो. पेढे घेऊन मी त्यांच्या घरी, मुकुंदवाडीला गेलो. सरूबाई दारातच भेटल्या. "आत जाऊ नका, सर. ती कुणाशी बोलंना."

विशाखा आतून बाहेर आली. "पेढे कशाचे?"

"तुझा गुण मिळाला ना."

"मला नाय मिळाला. समद्यांना वाटला!" ती किंचाळली. शेजारच्या बाया डोकावल्या. "ज्यांनी चूक लिहिलं त्यांनाबी, ज्यांनी कायच लिहिलं नाय त्यांनाबी. प्रश्न चूक होता का, सर? तुम्ही सांगा. प्रश्नात काय चूक होतं?"

काहीच नाही. प्रश्न बरोबर होता, पर्यायही बरोबर होते. चुकली होती ती फक्त मंडळाची उत्तरतालिका. पण तालिका चुकली म्हणायचं तर कुणाची तरी चूक कागदावर येते. प्रश्नच रद्द केला की कुणाचंच काही चुकत नाही. आणि नव्या यादीत एकशे अठ्ठावीसवर अकरा जण होते, जागा चारच. बरोबरी सुटणार होती पदवीच्या टक्क्यांवर. विशाखाची पदवी पाळ्या करून मिळवलेली, एक्कावन्न टक्क्यांची. ती पुन्हा बाहेर.

फकिरा आत खाटेवर बसून होते. आता त्यांचे हात थरथरतात, पाट्या सोडून दिल्यात. ते म्हणाले, "पोरी, लई झालं. सोड आता."

"बाबा, मी सोडलं की त्यांचं बरोबर ठरतं."

तिनं अपील केलं. कंपनीतून आठ वेळा रजा टाकली. नवव्या वेळी सुपरवायझर म्हणाला, रजा पाहिजे तर राजीनामा दे. ती रजेवर गेली आणि राजीनामा दिला नाही. त्यांनीही मग तिला काढलं नाही, कारण झाकणातला केसाएवढा तडा तिच्याशिवाय कुणाला दिसायचा नाही. एप्रिलमध्ये सुनावणी लागली. या वेळी समिती खरोखरची होती: मंडळाचे दोन अधिकारी आणि बाहेरून बोलावलेल्या गणिताच्या एक प्राध्यापिका, अमृता मॅडम. मलाही आत बसू दिलं.

मॅडमनी प्रश्न वाचला. एक मिनिट लागलं नसेल. "तिसरा पर्याय बरोबर आहे. यात वाद काय आहे?"

एक अधिकारी म्हणाला, "मॅडम, आम्ही प्रश्न रद्द करून सगळ्यांनाच गुण दिलाय. कुणावरच अन्याय नाही."

"बरोबर लिहिणाऱ्यावर आहे की," मॅडम म्हणाल्या. "रद्द कशासाठी केला? यात रद्द करण्यासारखं काय सापडलं तुम्हाला?"

अधिकारी समोरची फाइल चाळू लागला. मॅडमनी विशाखाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. मला वाटलं, ती आता सगळं काढणार. शाळा, खिडकी, झाकणं. ती उठली, फळ्यापाशी गेली, एक संख्यारेषा काढली, शून्यावर आणि चारवर खूण केली. वजा एक, एक आणि पाच, तीन आकडे घालून दाखवले. मग खडू ठेवला. "ज्यांनी आक्षेप अमान्य केला त्यांनी ह्यातला एक तरी आकडा घालून बघितला होता का, एवढंच मला विचारायचंय." तिच्या आवाजाला धार होती, पण एक शब्द जास्त नव्हता.

मे महिन्यात आदेश आला. तिसरा पर्याय बरोबर. यादी पुन्हा लागली आणि विशाखा हिवराळेचं नाव अडतिसावं आलं. बातमी पेपरात चार ओळींत छापून आली तेव्हा आमच्या जुन्या शाळेतून तिला सत्काराचं बोलावणं गेलं. शाळेची माजी विद्यार्थिनी म्हणे. तिनं फोनवर काय उत्तर दिलं ते मला लिहिता येणार नाही. सरूबाई म्हणाल्या, "इतक्या घाण शिव्या तिला येतात, हे मला ठावंच नव्हतं."

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण तिचं नाव वर आलं म्हणजे कुणाचं तरी खाली गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक पोरगा जिना चढून आला. पंचविशीचा, उन्हानं रापलेला. "वाघचौरे सर तुमीच का?" आक्षेपाच्या कागदावरचं माझं नाव त्यानं शोधून काढलं होतं. त्याचं नाव गोकुळ, फुलंब्रीकडच्या एका गावचा. आधीच्या यादीत तो एकोणचाळिसावा होता. त्यानं पहिला पर्याय लिहिला होता. गुण कापला गेला आणि तो बाहेर पडला.

"गावात हलग्या वाजवल्या होत्या माझ्या बापानं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "आता लोक इचारतेत, काय झालं तुझ्या नोकरीचं? ती बाई कुठं ऱ्हाते सांगा."

मी सांगणार नव्हतो. पण विशाखा रुजू व्हायच्या आधी माझ्याकडं ठेवलेले तिचे कागद घ्यायला त्याच वेळी येणार होती, आणि ती आली. तिच्या हातातलं नेमणुकीचं पत्र बघून गोकुळनं ओळखलं.

"तुमच्यामुळं माझी नोकरी गेली."

"माझ्यामुळं नाय. तुमचं उत्तर चूक होतं."

"समद्यांना एक गुण दिला होता की! तुमचं काय जात होतं?"

"माझी नोकरी जात होती," विशाखा म्हणाली. "तवा तुम्ही कुठं होता? माझ्या वतीनं एक तरी कागद लिहिला का? हलग्या वाजवीत होता ना?"

मग एकदम पिशवीतून एक जाड पुस्तक काढून त्यानं टेबलावर आदळलं. क्लासच्या नोट्स. "मी चूक लिहिलं नाय! ह्यात जसं शिकवलं तसं लिहिलं. बघा!"

पान दुमडलेलंच होतं. चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं होतं: दोन्ही बाजूंना x असेल तर x कापा. वेळ वाचवा.

विशाखानं ते वाचलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं. तिनं गोकुळला विचारलं, "किती वर्षं होता ह्या क्लासला?"

"दोन."

"तुम्हाला कधी वाटलं नाय, आकडा घालून बघावं?"

"वेळ कुठं असतोय? एका मिनिटात एक प्रश्न. ते म्हणायचे, डोकं चालवू नका, ट्रिक चालवा."

ती उठली. "कुठंय हा क्लास?"

"क्रांती चौकात."

"चला."

"आता?"

"आताच. सर, तुम्ही पण."

रिक्षात मी मध्ये बसलो. दोघांचाही राग उतरला नव्हता. एकमेकांवरचा तर मुळीच नाही. क्लास तिसऱ्या मजल्यावर होता. लांबलचक हॉल, दीडशेच्या आसपास पोरं, पुढं माइक घेतलेला एक तरुण सर. विशाखा पुस्तक उघडून थेट त्याच्यापाशी गेली. "हे पान तुम्ही लिहिलंय?"

"ताई, लेक्चर चालू आहे. ऑफिसमध्ये बसा."

"ह्याच्यानं ह्या पोराची नोकरी गेली." तिनं गोकुळकडं बोट केलं. गोकुळ दारात मान खाली घालून उभा होता. "हे चूक हाय, एवढं सांगा ह्यांना. आत्ता, माइकवर."

"आमच्याकडून दरवर्षी शेकड्यानं पोरं लागतात," सर हसून म्हणाला. "ट्रिक चुकीची असती तर लागली असती का? तुम्ही शिक्षिका आहात का?"

फळ्यावर मोकळी जागा होती तिथं विशाखानं मंडळाचा तो प्रश्न लिहिला, आणि पोरांकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "एक्सच्या जागी वजा एक घाला. घाला सगळ्यांनी." सरनं ऑफिसातल्या माणसाला हाक मारली. माणूस आला, त्यानं माझा दंड धरला, मग मी म्हातारा आहे हे बघून सोडला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. काही पोरं हसत होती. काहींनी वही काढली होती.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. हातात पेन, आवाज कापरा. "सर, वजा एक घातलं तर बरोबर येतंय."

"खाली बस," सर माइकवरून म्हणाला.

मुलगी विशाखाकडं बघू लागली.

"बसू नको," विशाखा म्हणाली. "आता वजा दोन घाल."